सिस्टर, आधी स्वतःचा केसपेपर काढा

नर्सला तपासणी मिळत नाही असं नाही. उलट फार सहज मिळते, आणि घोळ तिथेच होतो. वॉर्डातला पट्टा मोकळा दिसला की घेतलं बीपी. लॅबवाला ओळखीचा, म्हणून नाईट संपवून जाता जाता दिलं रक्त. राउंड चालू असताना सरांना रिपोर्ट उभ्या उभ्या दाखवला, सर म्हणाले "ठीक आहे, वजन कमी करा". कशाची नोंद नाही, पुढची तारीख नाही. ओपीडीत आलेल्या अनोळखी बाईला निदान केसपेपर तरी असतो.

म्हणून पहिलं काम: आपल्याच रुग्णालयात किंवा बाहेर, रीतसर नोंदणी करून एका फिजिशियनकडे स्वतःचा केसपेपर काढा. पगार 21,000 रुपयांच्या आत असेल आणि कामगार विम्याचा हप्ता कापला जात असेल, तर ठाण्यात वागळे इस्टेटला आणि नवी मुंबईत वाशीला कामगार विमा रुग्णालयं आहेत. कार्ड नुसतं पर्समध्ये ठेवायला नसतं. शंभर पानी वही करा, त्यात बीपी, वजन, कंबर, रिपोर्टांचे आकडे तारखेसह लिहा. पुढचं सगळं हृदय सांभाळण्यासाठी त्या वहीत काय आणि कसं भरायचं याबद्दल आहे.

सगळा दोष नाईटचा नाही

नाईट ड्युटीने हृदयाचा धोका किती वाढतो? अमेरिकेत 1976 पासून एक लाख वीस हजारांहून जास्त नर्सचा मागोवा घेणारा मोठा अभ्यास चालू झाला, 1989 पासून त्यात तरुण नर्सचा दुसरा गट आला. त्यातून दिसलं ते असं: दिवसपाळ्यांबरोबर महिन्याला किमान तीन रात्री, अशी फिरती पाळी दहा किंवा जास्त वर्षं केलेल्यांमध्ये हृदयरोगाचा धोका कधीच नाईट न केलेल्यांपेक्षा साधारण 15 ते 18 टक्क्यांनी जास्त होता. वाढ खरी आहे, पण रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूमुळे होणारी वाढ हिच्यापेक्षा पुष्कळ मोठी असते. याच नर्सच्या माहितीवर 2000 साली मांडलेला निष्कर्ष जास्त कामाचा आहे. धूम्रपान नाही, वजन आटोक्यात, रोज अर्धा तास व्यायाम, आहार चांगला, थोडीशी दारू: हे पाचही जमलेल्या मूठभर बायकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा 80 टक्क्यांहून जास्त घटलेलं होतं. (यातल्या दारूच्या मुद्द्यावरून कोणी सुरू करण्याची गरज नाही.)

हे आकडे मुख्यतः गोऱ्या अमेरिकन बायकांचे. भारतीयांना हृदयरोग लवकरच्या वयात गाठतो, आणि वजन फारसं नसतानाही पोटावर चरबी साठते. म्हणून आपल्या बायकांसाठी कंबर 80 सेंटिमीटरच्या आत आणि बीएमआय 23 च्या आत, ही जरा कडक रेघ धरतात. कंबर मोजताना टेप नाडीच्या जागी लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, श्वास सोडल्यावर मोजा.

बीपी: पेशंटचं घेता तसं घ्या, किंबहुना जास्त नीट

ड्युटीवर घेतलेल्या बीपीत किती चुका एकत्र येतात बघा. दहा मिनिटांपूर्वी पेशंटला बेडवर सरकवलेलं असतं. चार तास लघवीला जायला फुरसत मिळालेली नसते. भरलेलं मूत्राशय एकट्याने वरचा आकडा दहाच्या आसपास वर नेऊ शकतं. हात लोंबता, पट्टा ड्रेसच्या बाहीवर, समोर मैत्रीण बोलतेय. आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पट्ट्याचा आकार. वॉर्डात एकच पट्टा सगळ्यांना लावतात. दंडाचा घेर 32 सेंटिमीटरच्या वर असेल आणि पट्टा मध्यम असेल, तर बीपी खोटं जास्त येतं. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर खोटं कमी. दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर मोजून घ्या. मध्यम पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटरला, मोठा 32 ते 42 ला. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के भागाला वेढायला हवी.

घरी दंडावरचं ऑटोमॅटिक मशीन ठेवा. मनगटावरचं नको, हात जरा खालीवर झाला की त्याचा आकडा हलतो. मशीन आणल्यावर एकदा दोन्ही दंडांवर मोजा आणि यापुढे जास्त येणारा दंड धरा. दोन्हींत 10 ते 15 चा फरक सतत राहिला तर डॉक्टरांना सांगा.

मग सलग सात दिवसांचा चार्ट. उठल्यावर तासाभरात, चहा आणि गोळीच्या आधी, लघवी करून. आणि संध्याकाळी जेवणाआधी. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड टेबलावर हृदयाच्या उंचीला, बोलणं बंद, मोबाइल लांब. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. म्हणजे आठवड्याची 28 होतात. पहिल्या दिवसाची चार सोडून द्या, उरलेल्या 24 ची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर आली तर ते उच्च रक्तदाबाच्या रांगेत बसतं, मग दवाखान्यातलं एक रीडिंग 128 का असेना.

नर्सने हा चार्ट दोनदा भरावा: एकदा दिवसपाळीच्या आठवड्यात, एकदा नाईटच्या. नाईटमध्ये "सकाळ" म्हणजे झोपून उठल्यानंतरची वेळ आणि "संध्याकाळ" म्हणजे घरून निघण्यापूर्वीची. झोपेत बीपी एरवी दहा टक्क्यांहून जास्त उतरतं. दिवसा तुटक झोप घेणाऱ्यांमध्ये ही उतरण पुरेशी होत नाही आणि रक्तवाहिन्यांना विश्रांती मिळत नाही. चोवीस तासांचं बीपीचं मशीन लावलं तर तुम्ही खरोखर कधी झोपलात ती वेळ कागदावर लिहून द्या, नाहीतर सॉफ्टवेअर रात्रीलाच झोप समजून रिपोर्ट काढतं.

180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात जडपणा किंवा नजर धूसर, असं असेल तर चार्ट भरत बसायचं नाही. थेट कॅज्युअल्टी.

नाईट उतरताना रक्त देऊ नका

ही सवय मोडणं सर्वांत गरजेचं. रात्री दोनला बिस्किट-चहा झालेला असतो, म्हणजे उपाशीपोटीची साखर उपाशीपोटीची राहत नाही. शिवाय एक रात्र जागल्यावर शरीराची इन्सुलिनला दाद कमी होते आणि थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएचसुद्धा वर सरकतं. अशा नमुन्यावरून थायरॉइडची गोळी सुरू झाली तर तिचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालतो. नमुना द्यायचा तो नाईट संपून निदान दोन रात्री घरी नीट झोप झाल्यावर.

तिशीनंतर वर्षातून एकदा बघायचं ते एवढंच: उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन, लघवीत प्रथिनं. साखर 100 ते 125 किंवा एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. 126 किंवा 6.5 पासून मधुमेह, दुसऱ्या तपासणीने खात्री करून. हिमोग्लोबिन यात मुद्दाम आहे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीए1सी खोटं जास्त येऊ शकतं, आणि आपल्या बायकांमध्ये ही कमतरता किती आहे ते वॉर्डात रोज दिसतं. तेव्हा 6.0 बघून हबकण्याआधी हिमोग्लोबिन बघा.

लिपिडमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 100 च्या आत, ट्रायग्लिसराइड 150 च्या आत, बायकांचं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 50 च्या वर. मधुमेह असेल तर एलडीएलची मर्यादा डॉक्टर आणखी खाली ओढतात. घरात वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ती आनुवंशिक असते, दरवर्षी पैसे घालवायची गरज नाही.

पॅकेजमधल्या टूडी एको आणि ईसीजीवर फार विसंबू नका. एको हृदयाचा पंप आणि झडपा दाखवतो, धमनीतला अडथळा नाही. नॉर्मल एको हातात घेऊन लोक निर्धास्त होतात. काहीच त्रास नसताना केलेली स्ट्रेस टेस्ट बायकांमध्ये बऱ्याचदा खोटी पॉझिटिव्ह येते आणि उगाच अँजिओग्राफीपर्यंत धावपळ होते. त्रास असेल तर कोणती तपासणी ते कार्डिओलॉजिस्टला ठरवू द्या.

वहीचं पहिलं पान: बाळंतपणांचं

हृदयरोगाचा धोका मोजायच्या तक्त्यांमध्ये वय, बीपी, तंबाखू, साखर, कोलेस्टेरॉल असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वयाच्या 40 पासून सुरू होतो. बाईच्या अंगावरच्या बऱ्याच खुणा त्यात येतच नाहीत, म्हणून त्या आपण लिहायच्या. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्पसिया झाला होता का? तसं असेल तर पुढे हृदयरोगाचा धोका साधारण दुप्पट धरतात, बीपी नंतर नॉर्मल झालेलं असलं तरी. गरोदरपणात साखर वाढली होती का? बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी व्हायला हवी होती, आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी साखर. बाळ अंगावर असताना ही चाचणी हमखास राहते; राहिली असेल तर आता साखर तपासून घ्या. दिवस भरण्याआधी बाळंतपण, पीसीओएस, पाळी 45 च्या आत बंद होणं, कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलेलं असणं, रुमॅटॉइड संधिवात: हे सगळं त्याच पानावर. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून त्याचा फोटो काढून ठेवा.

त्याच पानावर गोळ्या. बीपी 140/90 च्या वर असेल, किंवा डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा येणारी अर्धशिशी असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी नको. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनसुद्धा निर्धोक नाही. पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असेल तर ती स्वतःच्या मनाने घेऊच नये. आणि उलट बाजूने: टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल (बीपीच्या गोळ्या) किंवा स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची) चालू असताना दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यायची. पाळी चुकल्यावर नाही.

दुखण्याच्या गोळ्या

पेशंट उचलून कंबर धरते, टाचा दुखतात, आणि ट्रॉलीत डायक्लोफेनॅक असतंच. रोजचं डायक्लोफेनॅक किंवा एटोरिकॉक्सिब शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं, बीपीच्या गोळीचा परिणाम कमी करतं आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतं. एटोरिकॉक्सिब तर बीपी 140/90 च्या वर असताना द्यायचंच नसतं. कधीतरी लागली तर पॅरासिटामॉल. पंधरा दिवसांत चार-पाचदा लागत असेल तर कमरेची तपासणी आणि फिजिओथेरपी. जळजळ वाटली की पँटोप्राझोल घेऊन पुढे चालू पडायचं, हीदेखील तीच सवय, आणि ती जास्त महागात पडू शकते. त्याचं पुढे येईल.

मिश्रीबद्दल थोडक्यात: ती भाजलेली तंबाखूच आहे. दात घासायच्या निमित्ताने रोज हिरडीतून निकोटिन आत जातं. वॉर्डातल्या मावशींनाही हे सांगा.

नाईटचा आठवडा कसा लावायचा

रात्री 8 ते सकाळी 8 अशी ड्युटी धरून सांगतो. वेळा तुमच्या पाळीप्रमाणे सरकवा.

पहिल्या नाईटच्या दिवशी दुपारी 3 ते 4.30 दीड तास झोप. संध्याकाळी 7 च्या आत घरीच मुख्य जेवण. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट हाताळत नाही, तेव्हा त्याच थाळीने साखर जास्त चढते. म्हणून बारानंतर भात-भाजीचा डबा उघडू नका. भूक लागली तर मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा ताक. शेवटचा चहा-कॉफी दोन-अडीचला. कॉफीतलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाचचा कप सकाळी नऊच्या झोपेवर उठतो. सोय असेल तिथे दोन ते चारच्या दरम्यान, जोडीदारणीकडे पेशंट रीतसर सोपवून, 20 मिनिटांची डुलकी. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजेक्शन भरू नका, तेवढा वेळ डोकं जड असतं.

घरी जाताना ऊन डोळ्यांवर आलं की मेंदू दिवस सुरू करतो, म्हणून गडद गॉगल. पण हे ट्रेनने किंवा बसने जाणारीसाठी. स्कूटी असेल तर झोपाळलेल्या डोळ्यांनी गॉगल घालून घोडबंदर रोडवर निघणं हृदयरोगापेक्षा तातडीचा धोका आहे. नाईटच्या आठवड्यात स्कूटी घरीच ठेवा. ऐरोली-घणसोलीहून ठाण्याला परतणारीला उलट्या गर्दीमुळे ट्रान्सहार्बर लोकलला बसायला जागा मिळते. तिथे डुलकी आली तर येऊ द्या, गजर लावून.

हलकी न्याहारी, साडेनऊला अंथरूण. खिडकीला जाड पडदा, नाहीतर डोळ्यांवर पट्टी. फोन सायलेंट, फक्त घरच्या एका नंबराला परवानगी. दाराची बेल सकाळी बंद करता येते, हे फार कमी घरांत कोणाच्या लक्षात येतं. एका दमात सात तास झोप होणार नाही हे गृहीत धरा: सकाळी पाच तास आणि संध्याकाळी दीड, मिळून साडेसहा झाले तरी चालतं. शेवटच्या नाईटनंतर मात्र दोन-तीन तासच झोपा, दुपारी एकला उठा, उजेडात फिरा आणि रात्री दहाला झोपा.

ड्युटी लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन यांच्या हातात बरंच आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने पाळी पुढे सरकवली तर शरीराला सोपं जातं. नाईटवरून दुपार, दुपारवरून सकाळ असं उलटं नको. दोन पाळ्यांत निदान 11 तासांचं अंतर ठेवा. दुपारपाळी रात्री संपवून सकाळी सातला परत बोलावलं, तर प्रवास वजा जाता झोप पाच तासांचीही उरत नाही.

मीठ, साखर, तेल

दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत, सगळं धरून. 500 मिलीच्या नॉर्मल सलाइनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसाचा सगळा वाटा म्हणजे जेमतेम ती एक बाटली. स्वयंपाकातलं मीठ, डब्यातलं लोणचं, पापड, चारच्या चहाबरोबरचं फरसाण, वडापावचा पाव आणि चटणी: बाटली दुपारपर्यंतच संपते. आगरी-कोळी घरांत सुकट, बोंबील, सुका बांगडा असतो. तो सोडायची गरज नाही, पण कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाणी टाका, पुन्हा एकदा तसंच करा, आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका. ताजा बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा, तळून नाही तर कालवणात. शाकाहारींना रोज चमचाभर जवसाची चटणी. कमी सोडियमचं मीठ आणताना सांभाळा: त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय नको.

चहाचा हिशेब एकदा स्वतः करा. सपाट चमचाभर साखर 5 ग्रॅम. दोन चमच्यांचे सहा कप म्हणजे 60 ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास असावी. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत गेलात तर जीभ कुरकुरत नाही. तेल चार माणसांच्या घरात महिन्याला दोन ते अडीच लिटर.

वॉर्डातली चाल व्यायामात धरू नका

दहा हजार पावलं होतात, खरं आहे. पण ती तुटक असतात, श्वास वाढत नाही आणि त्यात वजन उचलणं असतं. आठवड्याला 150 मिनिटं अशी चाल हवी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. नाईटच्या आठवड्यात ती दुपारी उठल्यावर करा. तलावपाळीला संध्याकाळी गर्दीमुळे वेग येत नाही, सकाळी जा. नाहीतर उपवन, वाशीचा मिनी सी-शोअर, खारघरचं सेंट्रल पार्क. पावसाळ्यात इमारतीचा जिना. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीवरचे पुशअप, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात. तेवढ्याने कंबरही सुधारते.

ड्युटीवर असताना त्रास झाला तर

बायकांनाही छातीत दाब हेच सर्वांत जास्त दिसणारं लक्षण. पण त्यासोबत, किंवा त्याच्याशिवाय, धाप, जबड्यात किंवा दोन खांद्यांच्या मध्ये दुखणं, मळमळ, थंड घाम, एकाएकी गळून जाणं येऊ शकतं. हेच "गॅस झाला" म्हणून पँटोप्राझोलवर काढलं जातं. जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ ही अ‍ॅसिडिटी नाही असंच धरून चला.

त्रास सुरू झाला की खुर्चीत नाही, बेडवर. दहा मिनिटांत ईसीजी. मैत्रिणीने काढला तरी आरएमओने (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी) तो बघून त्यावर वेळ आणि सही टाकली पाहिजे. पडदा ओढा आणि संकोच बाजूला ठेवा, कारण लीड (ईसीजीच्या छातीवर लावायच्या वायरी) चुकीच्या जागी लागण्याचं मोठं कारण संकोच असतो. व्ही1, व्ही2 चौथ्या फासळीच्या फटीत, गळ्याजवळ वर नाही. व्ही4 पाचव्या फटीत, स्तन वर उचलून त्याच्या खाली. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच असेल, तर दर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा. हृदयाच्या पाठीमागच्या भिंतीचा संशय असेल तर व्ही7 ते व्ही9. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) पहिलं निगेटिव्ह आलं तरी तीन तासांनी परत. डॉक्टरांनी सांगितल्यावर अ‍ॅस्पिरिन 300 किंवा 325, चावून. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव असेल तर नाही. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) बीपी न बघता जिभेखाली ठेवू नका. वरचा आकडा 90 च्या खाली असेल तर ती घात करते.

"हँडओव्हर देऊन जाते" हे वाक्य अशा वेळी ऐकून घ्यायचं नाही, मग ती कितीही सीनियर असो. घरी त्रास झाला तर 108. रिक्षा, स्कूटी, लोकल नको. आपल्या घराजवळ रात्री अँजिओप्लास्टी होते असं कोणतं रुग्णालय आहे, हे आधीच फोन करून विचारून ठेवा आणि वहीच्या मागच्या पानावर त्याचा कॅज्युअल्टीचा नंबर लिहा. निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे त्याच ठिकाणी आधी द्यावं लागतं. शिळफाटा किंवा कळवा पुलावर वाहतूक तुंबली असेल, तर हा निर्णय रुग्णवाहिका निघण्याआधी व्हायला हवा.